आठ दिवसांची थंडी

लहानू भोयरचं पोट सारं आयुष्य थंडीवर चाललं, आणि तेही वर्ध्यासारख्या जिल्ह्यात, जिथं मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. अठ्ठावीस वर्षं तो सेलूच्या आसपासच्या गावांतून मोटरसायकलला नायट्रोजनचं भांडं बांधून हिंडला. कुणाची गाय माजावर आली की त्याला बोलावणं यायचं. तो झाकण उघडायचा, पांढऱ्या वाफेत चिमटा घालून वीर्याची बारीक कांडी वर काढायचा, कोमट पाण्यात क्षणभर धरायचा आणि गाय भरवून पुढच्या गावाला निघायचा. "झाकण घडीभर उघडं राह्यलं, का समजा वासरू गेलं," असं तो सांगे. त्याचं भांडं एकदाही कोरडं पडलं नाही. उन्हाळ्यात तो भांड्यावर ओलं पोतं टाकायचा आणि स्वतः उघड्या डोक्यानं फिरायचा.

पाच वर्षांपूर्वी वर्ध्याहून सेलूकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून छातीच्या आजारांचं एक लहानसं संशोधन केंद्र निघालं, तेव्हा तिथल्या ज्योत्स्नामॅडमना असाच माणूस हवा होता. पदव्या घेतलेली दोन मुलं येऊन गेली होती. एकानं हात भाजून घेतला होता, थंडीनंच, आणि दुसऱ्यानं रविवारी टाकी भरायची विसरून महिन्याभराचं काम मातीत घातलं होतं. लहानूला मॅडमनी एकच प्रश्न विचारला.

"रविवारी काय करता?"

"गाय रविवार पाह्यत नाई, मॅडम."

त्याच दिवशी तो कामावर लागला.

काम नवलाचं होतं. एमआरआयच्या मशीनला माणसाचं सारं पोट दिसतं, पण हवा दिसत नाही. फुफ्फुस म्हणजे तर हवेचंच घर, त्यामुळं तिथं नुसता काळोख. त्यावर मॅडमचा उपाय थंडीचा होता. झेनॉन नावाचा, कुणाशी काही घेणंदेणं नसलेला एक वायू एका मोठ्या चुंबकाच्या पोटात ठेवायचा आणि गार करत न्यायचा. इतका गार, की ज्याच्या खाली थंडीच उरत नाही त्या तळाशी तो जवळजवळ टेकावा. नायट्रोजनची थंडी म्हणजे त्यापुढं उन्हाळाच. नायट्रोजन लागे तो फक्त बाहेरच्या टाकीला, आतली टाकी हेलियमची, आणि त्याच्याही आत ते यंत्र.

तपासणीला आलेल्या घाबरट माणसांना लहानू हे आपल्या पद्धतीनं समजावून सांगे.

"हिवाळ्यात सकाळी सोडलेली ढोरं काय करतेत जी? सारी उन्हाकडं अंग करून उभी राह्यतेत. गरमीत कोणाचं तोंड कुठं, काई नेम नाई. ह्या गॅसचंबी तसंच. कडक थंडी लागली का सारा चुंबकाकडं तोंड करते. आठ दिवस लागतेत त्याले अशी रांग लावाले. मंग आस्ते गरम करून पिशवीत भरला का घटकाभर रांग टिकते. तेवढ्यात तुम्ही तो ओढायचा अन् दहा सेकंद दम धरून ठेवायचा. गॅस जिथं गेला तिथं फोटोत उजेड. नाई गेला तिथं काळं. बस."

मॅडमनी पाहुण्यांना समजावताना ही ढोरं केव्हाच उसनी घेतली होती.

पण ती रांग मोडायला साधं लोखंड पुरत असे. म्हणून यंत्राच्या खोलीपासून एमआरआयच्या खोलीपर्यंतची चाळीस पावलं लहानू ती पिशवी एका लाकडी पेटीतून नेई. पेटीला तांब्याच्या तारेचे वेढे होते आणि खाली बॅटरी होती. रांग मोडू नये म्हणून तेवढंच बारीकसं चुंबक. वाटेत व्हरांड्यात जुन्या कागदांचं एक लोखंडी कपाट होतं. ते हलवा म्हणून मॅडम दोन वर्षं ऑफिसला सांगत होत्या. कपाट हललं नव्हतं. लहानू समोरच्या भिंतीला पाठ घासत जायचा.

हे सारं त्यानं जीव लावून शिकून घेतलं, त्यामागं कामाची आवड होतीच. पण दुसरंही एक कारण होतं. त्याला मनोहररावांवर सूड उगवायचा होता.

मनोहरराव म्हणजे त्या भागातल्या एका जिनाचे, कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचे, मालक. माणूस वाईट होता असं सगळे म्हणणार नाहीत. मजुरांच्या घरच्या लग्नाला ते जातीनं जात, पंगतीत बसून जेवत. चीड होती ती एका गोष्टीची, कामचुकारपणाची, आणि तो ओळखण्यात आपण कधी चुकत नाही असा त्यांचा समज होता.

लहानूची बायको मंदाबाई त्यांच्या जिनात बारा हंगाम रेच्यात, सरकी काढायच्या यंत्रात, कापूस टाकत होती. तोंडाला पदर बांधून सकाळी जायची, संध्याकाळी पापण्यांवर पांढरी लव घेऊन यायची. सहाव्या हंगामापासून तिला दम लागू लागला. त्यातही गंमत अशी, की तो रोज लागत नसे. बाजाराच्या दिवशी जिनाला सुट्टी असायची. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कामावर आलं की छातीवर जातं ठेवल्यासारखं व्हायचं, दुपारी तिला खाली बसावं लागायचं. मग दिवसागणिक कमी होत जाऊन पुढच्या बाजारापर्यंत ती बरी दिसायची. कापसाच्या धुळीचा आजार असाच वागतो. सुट्टीत छाती सैल पडते आणि पहिल्याच दिवशी धूळ तिला जास्त धरते. पण हे जिनात कुणाला माहीत? मनोहररावांनी एवढंच पाहिलं, की ही बाई बाजार करून आली की आजारी पडते.

वीस वर्षांपूर्वी, तिच्या बाराव्या हंगामात, अशाच एका दिवशी त्यांनी तिला चाळीस माणसांसमोर कापसाच्या गंजीपाशी उभं केलं.

"बाजारात हिंडतानी दम नाई लागत, अन् कापूस पाह्यला का लागते? पळ. ह्या गंजीले एक चक्कर मार. मंग पाहू तुहा दम."

मंदाबाई पळाली. अर्ध्या चकरेत तिनं जमिनीला हात टेकले. तिचे ओठ निळे पडले होते. कुणीतरी हसलं, मग बरेच हसले, आणि त्यात तिच्याच रेच्यावरच्या बायकाही होत्या. तिचं काम गेलं. "बाजारवाली मंदा" हे नाव मात्र लागलं ते कायमचं. दुसऱ्या कोणत्याही जिनात तिला घेईनात. दवाखान्यातल्या एक्स-रेत छाती स्वच्छ निघाली, तेव्हा तर मनोहररावांचंच खरं झालं.

लहानू त्या वेळी आंजी गावात एका गायीपाशी होता. आपण तिथं नव्हतो, हे त्याला कधी विसरता आलं नाही.

केंद्र सुरू झाल्यावर पहिल्या दहा जणांत मंदाबाईचा फोटो निघाला. अळीनं पोखरलेल्या बोंडासारखी दोन्ही फुफ्फुसं. उजेड कमी आणि काळं जास्त. मग मॅडम स्वतः जिनात गेल्या, आणखी बायकांना तपासणीला पाठवा म्हणून. मनोहररावांचा मुलगा भूपेंद्र आता कारभार पाही. त्यानं चहा पाजला आणि सांगितलं,

"मॅडम, ह्या बायांच्या घरी चुली हायेत. जन्मभर धूर खाल्ला त्याईनं. माणसं तंबाखूचा खर्रा खातेत, बिड्या ओढतेत. अन् तुम्ही आमच्या कापसाले दोष देता?"

बिडी, खर्रा आणि चूल यांच्यापासून दूर राहून नुसती जिनाची धूळ खाल्लेलं एकही माणूस मॅडमकडं नव्हतं. अहवाल अडकला तो तिथंच.

आणि या कार्तिकात मनोहरराव स्वतः केंद्रात आले.

लहानूनं त्यांना दारातून येताना पाहिलं. बारा पायऱ्यांना ते तीनदा थांबले. चाळीस वर्षं जिनाच्या अंगणात, रेच्यांच्या दाराला लागून असलेल्या खोलीत ते बसत आले होते. चार-पाच वर्षांपासून दम लागत होता, सहा महिन्यांपासून तर पुरतच नव्हता. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. सून रीता त्यांच्यासोबत आली होती. तिनं मॅडमना बाजूला घेऊन, पण व्हरांडाभर ऐकू जाईल असं सांगितलं,

"कारभार हातून गेला ना जी, तेव्हापासून सुरू हाय हे. घरात कोणी आपल्याकडं पाह्यलं नाई का बाबांले लगेच दम लागते."

मनोहररावांनी मान खाली घातली. वर केली तेव्हा समोर लहानू उभा होता.

"तू मंदाचा घरवाला ना?"

"हो जी."

मॅडमनी आठ दिवसांनंतरची तारीख दिली.

त्या आठ दिवसांत लहानूनं त्या झेनॉनची जेवढी निगा राखली तेवढी कुणासाठी राखली नव्हती. सकाळी नायट्रोजन, मग हेलियमचा काटा, मग वहीत आकडे. चुंबकाच्या पोटात वायूची रांग लागत होती आणि बाहेर लहानूच्या मनात एक बेत गोठून घट्ट होत होता. बेत सोपा होता. व्हरांड्यात कपाटापाशी थांबायचं, पेटी उघडायची, पिशवी कपाटाला टेकवून दहा आकडे मोजायचे, परत ठेवायची. म्हाताऱ्याला काही इजा नाही. तो गॅस ओढेल, दम धरेल आणि फोटोत काहीच येणार नाही. मॅडम म्हणतील, काही दिसत नाही. आणि घरी सून म्हणेल, पाह्यलं ना? त्या खोटेपणाचं ओझं छातीवर घेऊन त्यानं मरेपर्यंत जगावं.

सातव्या दिवशी दुपारी जेवताना त्यानं हे मंदाबाईला सांगितलं. सांगताना त्याचा चेहरा पहिल्याच खेपेला मॅट्रिक पास झालेल्या माणसासारखा झाला होता.

मंदाबाईनं त्याच्या ताटात भाजी वाढली. दोन वाक्यांमध्ये तिला दम घ्यावा लागे, त्यामुळं ती फालतू बोलत नसे.

"अवो, फोटो नाई आला तं मॅडम काय म्हणतीन?"

"म्हणतीन गॅस बिघडला."

"मंग लोकं म्हणतीन माह्या वक्तीबी गॅसच बिघडला होता." ती थांबली. "अन् मले एक सांगा. मनोहररावच्या घरी चूल कवा पेटली?"

लहानूचा घास हातातच राहिला.

"त्याइच्या घरी पहिल्यापासून गॅस. खर्रा नाई खात, बिडी नाई. सुपारीचं खांड तोंडात टाकत नाई तो माणूस. तेच तं सांगे आमाले, माह्यावाणी राहा म्हणून." ती पुन्हा थांबली. "त्याचा फोटो साफ आला पाह्यजे. असा साफ, का पोरगं तोंड उघडू नये. तुम्ही कपाटाजवळून नका जाऊ."

"पन मंदा, त्याले खोटं पाडलं नाई तं माहा जीव थंड होत नाई."

"तुमचा जीव थंड कराचा हाय का माहा?"

लहानूला बायकोचं म्हणणं पटलं होतं आणि नव्हतंही. गंजीपाशी हात टेकलेली ती त्यानं पाहिली नव्हती. न पाहिल्यामुळंच ती त्याला रोज दिसे.

आठव्या दिवशी सकाळी मनोहररावांसोबत भूपेंद्र आला. मंदाबाई आधीच येऊन व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. भूपेंद्रनं तिला ओळखलं नाही.

मॅडमनी यंत्रातून काढलेला गॅस तपासला आणि मान हलवली. इतकी चांगली रांग या वर्षात लागली नव्हती. लहानूनं पिशवी पेटीत ठेवली आणि निघाला.

एमआरआयच्या दारापाशी खुर्चीत मनोहरराव बसले होते. भूपेंद्र मोबाईलमध्ये पाहत म्हणाला, "बाबा, हा लास्ट हं. याच्यानंतर दवाखान्याचा तमाशा बंद. गावात लोकं हासून राह्यले."

मनोहररावांचे ओठ हलले, पण बोलण्याइतका वारा तोंडात आला नाही.

लहानू कपाटापाशी पोचला होता. त्याचे पाय थांबले. हीच ती गोष्ट होती, जी त्याला वीस वर्षं पाहायची होती, आणि ती त्याच्या डोळ्यांसमोर घडत होती. अजून थोडी हवी होती. त्याचा अंगठा पेटीच्या कडीवर गेला. कडी उघडली. आतून बॅटरीची बारीक गुणगुण ऐकू आली.

त्यानं व्हरांड्याच्या टोकाकडं पाहिलं. मंदाबाई बाकावरून उठली नव्हती. तिनं हातही हलवला नाही. ती फक्त पाहत होती, आणि तिच्या नजरेत विनंती नव्हती. गाय भरवायला आलेल्या माणसाकडं मालकीण पाहते तशी ती पाहत होती, काम नीट करतो की नाही ते.

लहानूनं कडी लावली, समोरच्या भिंतीला पाठ घासली आणि पुढं गेला.

मनोहररावांना दहा सेकंद दम धरवला नाही. सातव्यालाच खोकला आला. पण सात पुरले. पडद्यावर फोटो उमटला, आणि लहानूला वाटलं मॅडमनी चुकून जुनाच लावला. तीच पोखरलेली बोंडं. उजवीकडं थोडं जास्त काळं, एवढाच फरक.

मॅडमनी भूपेंद्रला खुर्ची दिली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. बिडी, सिगारेट? नाही. खर्रा? नाही. घरात चूल? भूपेंद्र मोबाईलकडं पाहू लागला. मनोहररावच म्हणाले, "नाई. कधीच नाई."

"मग धूळ कुठली?" मॅडमनी विचारलं.

मनोहरराव पडद्याकडं पाहत होते. मग त्यांनी मॅडमना विचारलं, "म्हणजे मले खरंच हाय? मी नाटक नाई करून राह्यलो?"

"नाही. तुमच्या फुफ्फुसाच्या जवळजवळ निम्म्या भागात हवाच जात नाही."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं नव्हतं ते. खोटा ठरलेला माणूस खरा ठरल्यावर येतं ते होतं. लहानूला ते लगेच ओळखू आलं, कारण मंदाबाईचा फोटो निघाला त्या दिवशी त्यानं ते एकदा पाहिलं होतं. ते मनोहररावांच्या डोळ्यांत पाहून त्याला संताप आला.

"असाच एक फोटो माझ्याकडं आहे," मॅडम म्हणाल्या. "नाव सांगता येणार नाही."

मनोहरराव लहानूकडं वळले. "बाहेर बसली तेच ना? बोलाव तिले."

मंदाबाई आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मॅडमनी संमतीचा कागद पुढं केला होता. हा फोटो आणि ही माहिती कामगार खात्याकडच्या अहवालात लावायची परवानगी. भूपेंद्रनं तो वाचला आणि कागदावर हात ठेवला.

"बाबा, सही करू नका. जिनावर येईन हे. साऱ्या बाया उद्या फोटो काढाले उभ्या राह्यतीन."

"हात काढ."

"बाबा, घरी जाऊन बोलू ना."

"घरी?" मनोहररावांनी दोनदा श्वास घेतला. "घरी तं मी नाटकी हाय. तुह्या बायकोनं शेजारणीइले बोलावून दाखवलं मले, कसा धापा टाकतो ते. आता तू भोग."

त्यांनी सही केली. नाव लिहायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ त्यांनी नावाखालची रेघ ओढायला घेतला. भूपेंद्र उठला, खुर्ची पाडली, आणि खाली गाडी सुरू झाल्याचा, मग लांब गेल्याचा आवाज आला.

मनोहररावांनी मंदाबाईकडं पाहून हात जोडले. "मंदा, माह्याकडून चूक झाली. मले माफ कर. आता तं तुह्यं मन शांत झालं ना?"

"जी नाई," ती म्हणाली. "तुमच्या जिनातल्या गुलाबबाईले फोटोले पाठवा. मंग तिच्या रेच्यावरच्या बाकीच्याइले. पोरगं आडवं आलं तं तुम्ही दारात उभे राहा. माफीचं मले काई सांगू नका."

लहानूला वाटलं आपणही काही बोलावं. तो म्हणाला, "मालक, मी आज तुमचा फोटो बिघडवणार होतो. कडी उघडली होती."

"मंग काऊन नाई बिघडवला?"

"बिघडवला असता तं तुमचं एकट्याचंच नुकसान झालं असतं. आता साऱ्या जिनाचं होईन."

मनोहररावांनी मान हलवली. इतकी वर्षं व्यवहार केलेल्या माणसाला ते समजलं.

दुपारी लहानूनं नव्या गॅसची नळी जोडली, टाक्या भरल्या, वहीत गुलाबबाईचं नाव लिहिलं आणि जेवणाच्या सुट्टीत मंदाबाईला घरी सोडायला मोटरसायकल काढली. केंद्रापासून मोठ्या रस्त्यापर्यंत अर्ध्या किलोमीटरचा मुरमाचा रस्ता आहे. त्यावरून मनोहरराव एकटेच ऑटो धरायला निघाले होते. भूपेंद्र परत आला नव्हता. आठ-दहा पावलं चालत, बाभळीला हात टेकून थांबत, पुन्हा चालत.

लहानूनं सवयीनं गाडी हळू केली. कितीही झालं तरी म्हातारा माणूस होता. "बसवू काय त्याले? मी तुले मंग घ्याले येतो."

"नाई," मंदाबाई मागून म्हणाली. तिचा हात त्याच्या खांद्यावर होता आणि बोटं रुतत होती. "थांबू नका. पन हळू घ्या. मले पाहू द्या."

लहानूनं गाडी पहिल्या गिअरात टाकली.